गाडी कोणत्या गावची?



आकाशवाणीच्या ध्वनिक्षेपकापुढे बसून दूरचित्रवाणीच्या आठवणी सांगायच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या घरी जेवता जेवता धाकटीच्या हातच्या भाजीचे कौतुक करण्यासारखे आहे. नागपूरचे हे केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि मुंबईचे दूरचित्रवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे थोरली चोवीस वर्षांनी मोठी. ती रागावणार नाही अशा भरवशावर मी बोलतो आहे.

मी मास्तर. छत्तीस वर्षे शिकवले आणि त्यातली बरीचशी वाडीला. वाडी म्हणजे अमरावती रस्त्यावरची, नागपूरच्या पश्चिमेची आपली वाडी. आज तिथे नगर परिषद आहे, पण मी सांगतो त्या काळात ग्रामपंचायत होती. एका अंगाला अंबाझरीच्या आयुध निर्माणीची वसाहत, दुसऱ्या अंगाला मालमोटारींची गोदामे, पुढे आठव्या मैलाकडे चहाच्या टपऱ्या, आणि आत खडगाव रस्त्याने गेले की शेती. आमच्या वर्गात या सगळ्यांची मुले एका बाकावर बसत. कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, ट्रकवाल्याचा मुलगा आणि संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईची मुलगी. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी हकीकत त्या बाकावरच घडते.

दूरचित्रवाणी मी प्रथम पाहिली ती १९७६ च्या उन्हाळ्यात, मुंबईला, परळच्या चाळीत मामांकडे. संध्याकाळी दार उघडे टाकायचे अन् आख्खा मजला आत. पुढे मुले, मागे बायका, दारात पुरुषमाणसे. मुलांसाठी 'किलबिल' नावाचा कार्यक्रम असे. त्यात मुलेच बोलत, मुलेच गात, आणि पाहणारी मुले इतकी गप्प बसत की मला मास्तर म्हणून हेवा वाटला. दुसरा एक खेळ असे इंग्रजीतून, 'व्हॉट्स द गुड वर्ड' नावाचा. साबीरा मर्चंट या बाई तो चालवीत. जोडीतल्या एकाला शब्द ठाऊक असायचा. त्याने दुसऱ्याला एकच शब्द सुचवायचा आणि त्यावरून मूळ शब्द ओळखायचा. १९७२ पासून पंधरा वर्षे तो चालला. खरे सांगू? त्यातले निम्मे इंग्रजी मला समजत नव्हते. मामींना तर काहीच समजत नव्हते. पण सूचनेचा शब्द आला आणि समोरचा माणूस विचारात पडला, की मामींचाही हात पोळपाटावर थांबत असे. ते एवढेसे थांबणे मी ध्यानात ठेवले.

तुम्ही म्हणाल, यात नवे ते काय? कोडी तर आपल्या आजीही घालत होती. अगदी बरोबर. पावसाळ्याच्या रात्री कंदील बारीक करून घातलेली कोडी मलाही आठवतात. कोडे घालून झाले की आजी वाती वळत बसायची, उत्तराची घाई नाही. वेताळाने विक्रमाला जे प्रश्न घातले ते तरी दुसरे काय होते? १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर 'विक्रम और बेताल' लागू लागले तेव्हा वाडीच्या पोरांना ते परके वाटले नाही ते याचमुळे. गोष्ट संपली, वेताळाने प्रश्न टाकला, की राजाने तोंड उघडण्याआधी आमची पोरे ओरडून उत्तर देऊन मोकळी व्हायची. राजाने उत्तर दिले की वेताळ उडून जायचा आणि पोरे म्हणायची, "पाह्य, आम्ही सांगतलं होतं ना!"

वाडीत तेव्हा संच मोजकेच. १९८२ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले, त्याच वर्षी देशात रंगीत प्रक्षेपण आले. पण आमच्याकडे लाकडी दारांच्या पेटीतला काळा-पांढराच बरेच दिवस टिकला. वसाहतीत एका फिटरच्या घरी तो होता. एक मुलगा कौलावर चढून अँटेना फिरवी, एक अंगणात उभा राहून ओरडे, एक खिडकीतून पाही: "आली का?" "गेली!" "आता मुंग्या हायेत!" तिघांच्या या संवादात निम्मा कार्यक्रम संपून जाई. त्यातून 'रुकावट के लिए खेद है' ही पाटी. त्या घरच्या वहिनींनी कधी कुणाला परत पाठवले नाही. एवढेच म्हणायच्या, "चपला वळीनं ठेवा रे." शाळेतली शिस्त त्या अंगणात मी जास्त पाहिली.

त्याच १९८५ साली सिद्धार्थ बसूंचा 'क्विझ टाइम' सुरू झाला. महाविद्यालयांचे संघ, इंग्रजी प्रश्न, घंटा, आणि एकाला उत्तर आले नाही की तो प्रश्न पुढच्या संघाकडे जायचा. याच सद्गृहस्थांनी पुढे २००० साली 'कौन बनेगा करोडपती' उभा केला. रविवारी दुपारी नभोवाणीवर अमीन सयानींच्या आवाजात 'बोर्नविटा क्विझ कॉन्टेस्ट' ऐकणारे तर आज श्रोत्यांतही बरेच असतील. तोही पुढे १९९२ पासून दूरचित्रवाणीवर गेला. थोरलीच्या घरातले लेकरू धाकटीकडे शिकायला राहिले, असे समजू या. आपल्या दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडेसुद्धा आधी आकाशवाणीसाठीच लिहिला गेला आहे, बरे का!

आता शाळेतल्या संचाकडे वळतो. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा मोठा प्रयोग देशात झाला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे त्यात होती. महाराष्ट्र नव्हता. पुढे इन्सॅट आला तेव्हा मात्र शाळांच्या कार्यक्रमांसाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यासाठीच २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्याला 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. चाळीस-पन्नास वर्षांच्या कुणाही मराठी माणसाला विचारा, बालचित्रवाणीच्या सुरुवातीची धून त्याला अजून गुणगुणता येते. हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले. विज्ञान, भूगोल, गाणी, हस्तकला. आणि शुद्ध, गोड मराठी. २०१७ साली ती संस्था बंद झाली. बंद झाल्याची बातमी वाचली त्या दिवशी मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती, तरी एखाद्या सहकाऱ्याची बातमी वाचावी तसे मला झाले.

आमच्या शाळेतला संच कपाटात असे. कपाटाला कुलूप, कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक बहुधा बैठकीला. चोरीची भीती होती, ती खोटीही नव्हती. तेव्हा किल्ली आहे, वीज आहे आणि कार्यक्रमाची वेळही आहे, असा तिहेरी योग आठवड्यातून एखादे दिवशी यायचा. त्या दिवशी दोन वर्ग एकत्र बसत.

अशाच एका दिवशी, कार्यक्रम संपल्यावर, बागेत जाणाऱ्या बाईची ती मुलगी उभी राहिली. ही मुलगी वर्गात सहसा बोलत नसे. म्हणाली, "गुर्जी, हे लोक आपल्याले काऊन नाही इचारत?"

मी म्हटले, "कोण लोक?"

"टीवीतले. ते त्यायच्यातल्याच पोराईले इचारते. आपल्याले येते ते इचारतच नाही."

मी तिला काहीतरी शहाणपणाचे उत्तर दिले. काय दिले ते आठवत नाही, म्हणजे ते फारसे शहाणपणाचे नसावे. पण प्रश्न डोक्यात राहिला. ती पोर चुकीचे बोलत नव्हती. एवढी वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या प्रश्नांना दुसऱ्यांनी दिलेली उत्तरे ऐकत होतो. कार्यक्रम वाईट होते असे मी म्हणत नाही, फार चांगले होते. पण खेळ काही त्या पेटीत कोंडलेला नव्हता. नियम तर आम्हांला पाठ होते. प्रश्न तेवढे आपले घालायचे बाकी होते.

मग १९९१ च्या पावसाळ्यानंतर आम्ही शनिवारच्या शेवटच्या तासाला खेळ सुरू केला. शिक्षक बंधुभगिनींसाठी तो कसा होता ते थोडे सविस्तर सांगतो. वर्गाचे चार संघ, पण हुशार पोरे एका बाजूला आणि बाकीची दुसऱ्या बाजूला असे नाही, चिठ्ठ्या टाकून. घंटा म्हणजे शाळेचाच रुळाचा तुकडा आणि त्यावर लोखंडी गज. वेळ मोजायला घड्याळ नव्हते, तेव्हा एका मुलाने मनात वीसपर्यंत मोजायचे. तो कधी कधी आपल्या संघासाठी सावकाश मोजे आणि त्यावरून भांडणेही होत. प्रश्न मुलांनी आणायचा, घरून. त्याचे उत्तर घरातल्या कुणाला तरी कामामुळे ठाऊक असले पाहिजे, पुस्तकात पाहून आणलेला प्रश्न बाद. आणि पाचवा संघ माझा एकट्याचा. गुरुजींना उत्तर आले नाही तर त्यांचाही गुण जाणार. बक्षीस एकच, ओंजळभर बोरे.

पहिल्याच शनिवारी त्या मुलीने मला धूळ चारली. तिचा प्रश्न असा, की भर उन्हाळ्यात संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडतात ते काऊन? आता मी नागपुरात जन्म घालवलेला माणूस. आंबिया बहार आणि मृग बहार ही नावे मला ठाऊक. आंबियाची फळे दिवाळीच्या मागेपुढे बाजारात येतात आणि मृगाची होळीच्या सुमारास, एवढेही ठाऊक. पण पाणी तोडण्याचे कारण? मी म्हटले, विहिरीला पाणी नसते म्हणून. वर्ग हसला. तिने सांगितले, की झाडाला ताण दिल्याशिवाय ते फुलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तहानलेले ठेवले, पाने मलूल झाली, की मृगाच्या पावसाला ते भरभरून फुलते. आणि आंबिया धरायचा असेल तर हाच ताण हिवाळ्यात द्यायचा. तिची आई सांगायची, असे म्हणाली. तिच्या आईला सहीदेखील येत नव्हती.

नंतरच्या शनिवारी फिटरच्या मुलाने विचारले की आटा उलटा असलेला स्क्रू कुठे लागतो. एकीने तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कोणत्या लाकडाचा हलका होतो ते विचारले. प्रश्नांवर प्रश्न यायला लागले. मी वहीत टिपून ठेवी. ती वही आता सापडत नाही, याचे मला वाईट वाटते.

या सगळ्यात एक मुलगा होता त्याच्याबद्दल सांगायला खरे म्हणजे मी आज आलो आहे. ट्रकवाल्याचा मुलगा. सातवीत होता, एक वर्ष मागे पडलेला. वर्गातून नाहीसा व्हायचा. कुणी सांगायचे, आठव्या मैलावर टपरीपाशी उभा असतो, गाड्या पाहत. खेळ सुरू होण्याआधी पंधरा दिवसांची गोष्ट असेल. मी स्वतः सायकलने गेलो, त्याला तिथून धरून आणले आणि वर्गासमोर हातावर छड्या दिल्या. वर म्हणालो, "गाड्या मोजून पोट भरणार आहे का?" तो रडला नाही. तेव्हा तर मला त्याचा जास्तच राग आला.

एका शनिवारी प्रश्न आला: नागपूरहून सुरतेला सडकेने जाताना कोणकोणते जिल्हे लागतात? प्रश्न एका गोदामातल्या हमालाच्या मुलाचा. हुशार संघाने अमरावती म्हटले, अकोला म्हटले आणि गाडी अडकली. दुसऱ्या संघाने मध्येच नाशिक घातले. मी स्वतः विचार करीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, एका सुरात, पाढा म्हणावा तसा: "बत्तीस, सत्तावीस, तीस, अठ्ठावीस, एकोणीस, अठरा, मंग जीजे पाच."

कुणाला काही कळेना. मोजणारा मुलगा मोजायचे विसरला.

श्रोतेहो, १९८९ च्या जुलैपासून मोटारींना नव्या पद्धतीचे क्रमांक मिळू लागले होते, ते आता तुमच्या अंगवळणी पडले आहेत. त्या वेळी ते नवे होते. एमएच बत्तीस म्हणजे वर्धा, सत्तावीस अमरावती, तीस अकोला, अठ्ठावीस बुलढाणा, एकोणीस जळगाव, अठरा धुळे. आणि जीजे पाच म्हणजे सुरत. या पोराने आख्खा रस्ता क्रमांकांत सांगितला होता. फळ्यावर नकाशा टांगून मी ताडून पाहिले. एकही चूक नव्हती.

मी विचारले, "हे तुला कुणी शिकवले?"

"कोनी नाही. पाहतो ना गुर्जी. अठराची गाडी आली का डायव्हरले इचारतो, एकतीसची निळी गाडी दिसली का म्हून. बाबाची."

एकतीस म्हणजे नागपूर. त्याचे वडील सुरतेचा माल घेऊन गेले होते आणि पंधरा दिवसांत परतणारा माणूस दोन महिने झाले तरी परतला नव्हता. पत्र नाही, निरोप नाही. मालकाकडून धड उत्तर मिळत नव्हते. म्हणून हा मुलगा अमरावतीकडून येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत उभा राहायचा. ज्या गाडीवर धुळ्याचा किंवा सुरतेचा क्रमांक असेल तिच्या चालकाला गाठायचा. आणि मी त्याला विचारले होते, गाड्या मोजून पोट भरणार आहे का.

त्या दिवशीची बोरे त्याला मिळाली. त्याने ती शर्टाच्या खिशात भरली, बहिणीसाठी.

वडिलांचा पत्ता पुढे लागला. धुळ्याच्या पलीकडे अपघात झाला होता आणि ते तिथेच दवाखान्यात होते. आले ते तिसऱ्या महिन्यात, कुबडी घेऊन. आणि ट्रकने नव्हे, एस.टी.ने. रोज सडकेवर उभा राहणारा मुलगा त्या दिवशी नेमका वर्गात बसलेला होता. शिपाई बोलवायला आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिले, जाऊ का म्हणून. मी मान हलवली. छड्यांबद्दल मी त्याच्याशी कधी बोललो नाही. मास्तरने विद्यार्थ्याची क्षमा मागायची, अशी काही रीत आमच्या वेळी नव्हती. ती असायला हवी होती. सातवी झाल्यावर त्याने शाळा सोडली आणि तो एका गाडीवर क्लीनर म्हणून लागला.

पुढे वाहिन्या वाढल्या. 'गोट्या' आला, सह्याद्रीवर 'ताक धिना धिन' आले, २००४ पासून 'होम मिनिस्टर' अठरा वर्षे चालला. तो मला आवडायचा. कारण त्यात बाईला तिच्याच घरातले, तिला ठाऊक असलेले विचारीत. आता नवरात्रात आमच्या वाडीच्या चौकांतही पैठणीचे खेळ होतात, ध्वनिवर्धक जरा कमी लावला तर बरे होईल. करोडपतीबद्दल मात्र माझे मत मिश्र आहे. माहिती पुष्कळ मिळते, पण पोरे उत्तराआधी रक्कम विचारायला लागली. आमच्या बोरांना मग कोण विचारतो?

शिक्षक मित्रांना एक सांगायचे राहिले. हा खेळ करायचा असेल तर पाचवा संघ विसरू नका. सुरुवातीला हरणे जड जाते. मला तिसऱ्या शनिवारपासून सवय झाली.

गेल्या वर्षी खडगाव रस्त्यावर मी दूध घेऊन येत होतो. एक मालमोटार थांबली. चालकाच्या जागेवरून एक पन्नाशीकडे झुकलेला, पिकल्या मिशांचा माणूस उतरला आणि भर रस्त्यात पाया पडला. ओळख पटायला मला वेळ लागला. गाडी स्वतःची घेतली म्हणाला. वडील गेले, बहीण हिंगण्याला दिली, मुलगी बारावीला आहे, हे सगळे उभ्याउभ्याच सांगितले. मागे भोंगे वाजायला लागले तसा चढायला वळला, पायरीवर थांबला आणि तिथूनच विचारले:

"गुर्जी, एमएच एकोणपन्नास कोनतं गाव?"

मी विचार करू लागलो. वीसपर्यंत मोजून झाले असेल, मागच्या गाडीवाल्याचा भोंगा थांबेना.

"नागपूरच व्हय गुर्जी," तो हसला, "पूर्व नागपूर. एक गुन गेला तुमचा."